कबायान: बातम्या देणारा माणूस उपराष्ट्रपती होतो तेव्हा

आजचा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, पण त्याची हाक तुमच्यापैकी काहींनी नक्की ऐकलेली असणार. आखातात नोकरी केलेल्यांना विचारा. तिथले फिलिपिनो लोक एकमेकांना 'कबायान' म्हणतात. म्हणजे आपल्या देशाचा, आपल्या मातीतला माणूस. आपल्याकडे मुंबईत 'गाववाले' म्हणतात ना, साधारण तसंच. तर फिलिपिन्समध्ये हा शब्द एका माणसाचं टोपणनावच होऊन बसला: नोली दे कास्त्रो.

जन्म 1949 चा, मिंदोरो बेटावरच्या पोला या गावचा. आधी रेडिओ, मग टीव्ही. पण तो मोठा कसा झाला ते कळायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 1972 मध्ये मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला आणि एबीएस-सीबीएन ही वाहिनी बंद केली. 1986 मध्ये मार्कोस गेले, वाहिनी परत आली. पुढच्याच वर्षी तिने 'टीव्ही पॅट्रोल' नावाचं बातमीपत्र सुरू केलं, आणि तेही फिलिपिनो भाषेत. तोवर वजनदार बातम्या म्हणजे इंग्रजी, असा तिथला रिवाज. इथे मात्र बाजारातल्या बाईला कळेल अशा भाषेत गुन्हे, अपघात, पूर, महागाई. आणि सांगणारा भरदार आवाजाचा नोली. शिवाय त्याचा 'मगान्दांग गाबी, बायान' हा कार्यक्रम होता, म्हणजे 'शुभ संध्याकाळ, देशा'. त्याचे नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या मृतांच्या सणाच्या वेळचे भुताखेतांचे भाग तिथली एक अख्खी पिढी अजून आठवते. बातमीदार आणि भुतं सांगणारा काका, दोन्ही एकच!

आता राजकारण. फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये 24 जागा, आणि मतदारसंघ असा नाहीच. अख्खा देश हाच मतदारसंघ. दर तीन वर्षांनी साधारण निम्म्या जागा भरायच्या, आणि मतदाराने एकदम डझनभर नावं निवडायची. त्यात 2010 पर्यंत मतपत्रिकेवर नावं हाताने लिहावी लागत. विचार करा, मतदान केंद्रात पेन हातात घेऊन बारा नावं आठवायची! पक्षाचा कार्यकर्ता गल्लोगल्ली फिरून जे करणार, ते रोज संध्याकाळी घरात दिसणारा चेहरा फुकटात करतो. 2001 मध्ये नोली अपक्ष उभे राहिले आणि देशात पहिले आले. मतं 1 कोटी 60 लाखांच्या आसपास.

मला खरी गंमत वाटते ती 2004 ची. उपराष्ट्रपतीपदासाठी मुख्य लढत दोघांत, आणि दोघंही एकाच वाहिनीवरचे बातमीदार! समोर लोरेन लेगार्दा. 2001 मध्ये नोली पदच्युत राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्या आघाडीच्या यादीत होते, तर लोरेन आरोयो यांच्या पक्षात. तीन वर्षांत दोघांनी बाजू अदलाबदल केली. नोली आरोयोंबरोबर, लोरेन एस्त्रादांचे मित्र, नट फर्नांडो पो ज्युनियर यांच्याबरोबर. मतदाराला त्यात फार काही खटकलं असं दिसत नाही. नोली नऊ लाखांहून कमी फरकाने जिंकले. लोरेन निकालाविरुद्ध लढल्या, पण 2008 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

मग आली 2005 ची कसोटी. राष्ट्राध्यक्ष आरोयो निवडणूक अधिकाऱ्याशी बोलतायत अशी ध्वनिफीत बाहेर आली. आरोयोंनी टीव्हीवर माफी मागितली, मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले, खुद्द कोराझोन अक्विनो म्हणाल्या, पायउतार व्हा. आरोयो गेल्या असत्या तर राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष कोण? नोली. ते आरोयोंबरोबर राहिले. काही जण याला निष्ठा म्हणतात. मला विचाराल तर, वीस-पंचवीस वर्षं इतरांना प्रश्न विचारलेल्या माणसाकडून त्या महिन्यात एखादा तरी टोकदार प्रश्न यायला हवा होता. तीच ध्वनिफीत बातमीपत्रात त्यांच्या हातात पडली असती, तर ते गप्प बसले असते का? घरबांधणीचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि ते काम त्यांनी सहा वर्षं चालवलं.

2010 मध्ये लोकांना वाटलं, आता राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणार. राहिले नाहीत. कार्यकाळ जूनमध्ये संपला, आणि नोव्हेंबरमध्ये साहेब परत 'टीव्ही पॅट्रोल'च्या खुर्चीत! शेजारी टेड फेलॉन, हे माजी खासदार. दुसऱ्या बाजूला कोरिना सांचेझ, ज्यांचे पती मार रोहास त्याच वर्षी उपराष्ट्रपतीपदाची निवडणूक हरले होते. म्हणजे बातम्या देणारे तिघेही सत्तेच्या घरातून आलेले. कालपर्यंत ज्या सरकारात आपण होतो, त्याची बातमी आज आपणच वाचायची, हे मला पचायला जड जातं. प्रेक्षकांनी मात्र स्वीकारलं. आवाज तोच होता ना.

2020 मध्ये वाहिनीचा परवाना संपला, आणि संसदेच्या समितीने नवा द्यायला 70 विरुद्ध 11 मतांनी नकार दिला. 1972 नंतर पुन्हा पडदा काळा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये नोलींनी सिनेटसाठी अर्ज भरला, आणि आठवड्याच्या आतच मागे घेतला. त्या निवडणुकीत रॅफी तुल्फो हा दुसरा प्रसारक सिनेटवर गेला. त्याच्याकडे लोक तक्रारी घेऊन येतात, तो कॅमेऱ्यासमोरच समोरच्याला फोन लावतो, आणि हे सगळं यूट्यूबवर. त्याच्यावर एक वेगळा भाग करायचाय, कारण तिथे बातमी वाचण्याचा टप्पाच गाळलेला आहे. भेटू.