तांदळातली दोन पाखरं

मुळशीतल्या नेऱ्याला गेले की सुगीनंतर कुठल्या ना कुठल्या घरात ऐकते, "ताई, तांदळाला पाखरू लागलं." माझं विचारणं एकच असतं : कुठलं पाखरू?

दोन्ही इवलीशी, दोन्ही तपकिरी. चिमटीत धरली की बोटांना पूड लागते. ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले, म्हणून हा सगळा गण खवलेपंखी. फुलपाखरंही त्यातलीच. पण एका गावात राहिली म्हणून भावकी एक होत नाही.

शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव मागून येतं ना, शास्त्रीय नावाचंही तसंच. पहिलं पाखरू 'कॉर्सिरा सेफॅलोनिका'. कॉर्सिरा आडनाव, सेफॅलोनिका नाव. १८६६ साली स्टेन्टन यांनी याची पहिली नोंद केली. भावकी पायरॅलिडी. दुसरं 'सायटोट्रोगा सेरिअलेला', नोंद ऑलिव्हिए यांची, १७८९ सालची. भावकी गेलेकिडी. आता भावकी बदलली की घरची रीतही बदलते, ती बघा.

कॉर्सिरा राखट तपकिरी, पुढच्या पंखावर शिरा गडद उठलेल्या. तिची अळी कांडलेल्या तांदळात, कण्यांत, पिठात जाळी विणते. दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. सायटोट्रोगा वाळल्या पेंढ्याच्या रंगाचं. त्याचा मागचा पंख भिंगाखाली धरा : टोक बोटासारखं पुढे आलेलं, कडेला लांब केसांची झालर. त्याची अळी एकाच दाण्याच्या पोटात वाढते. जाळी नाही, गोळे नाहीत. पतंग बाहेर पडला की दाण्याला गोल भोक राहतं, तोवर काही कळत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, रंगावर जाऊ नका. जाळी आहे की भोक आहे, ते बघा. भोक असेल तर किडीची सुरुवात शेतातही झालेली असू शकते. पिकत्या लोंब्यांवरच ती अंडी घालते. तेव्हा आंबेमोहर पिकला की शेतात रेंगाळू देऊ नका, झोडून कडक उन्हात वाळवा, मगच कणगीत भरा. जाळी असेल तर डबा रिकामा करा, कानाकोपऱ्यातलं जुनं पीठ खरवडून काढा. एकाचा उपाय दुसऱ्याला केला की मेहनत वाया जाते, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

वेळ संपत आली. एक राहिलंच. हीच कॉर्सिरा प्रयोगशाळेत भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढवतात. तिच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची बारीक गांधीलमाशी पोसतात, आणि ती अंडी चिकटवलेली कार्डं उसाच्या पानांना... बाकीचं पुढच्या वेळी. तोवर जाळी की भोक, तेवढं बघून ठेवा.