कपाशीच्या बीजांतील नकलनवीस

नागपूर आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला कापूस नवा नाहीं. या भागांत पूर्वीं देशी कपाशीचा पेरा फार मोठा होता. तिचें शास्त्रीय नांव गॉसिपियम आर्बोरियम. मागाहून अमेरिकन कपाशी आली. आणि २००२ सालीं बीटी बियाण्यास परवानगी मिळाल्यानंतर देशी कपाशी फारच थोड्या शेतांत उरली. या दोघींचें नातें सांगणारा दस्तऐवज कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. तो त्यांच्या पेशींत आहे.

पेशींतील डीएनए नांवाच्या धाग्यावर जीवाची घडण लिहिलेली असते. त्या संपूर्ण लेखास जीनोम म्हणतात, व त्यांतील कामाचीं वाक्यें म्हणजे जनुकें. परंतु जनुकांच्या मधल्या जागेंत दुसरेहि रहिवासी असतात. त्यांतील एका वर्गाचें नांव रेट्रोट्रान्सपोझॉन. कचेरींतल्या नकलनवीसासारखें यांचें काम. फरक इतकाच कीं, हा नकलनवीस स्वतःचीच नक्कल करतो. प्रथम त्याची आरएनएच्या रूपांत प्रत निघते. त्या प्रतीवरून पुनः डीएनए तयार होतो आणि तो जीनोममध्यें दुसरीकडे जाऊन बसतो. मूळ लेख जागच्या जागीं राहतो. म्हणून प्रत्येक नकलेगणिक दस्तऐवज वाढतो.

पेरू देशांतील गॉसिपियम रेमोंडी ही रानकपाशी आणि आपली देशी कपाशी यांच्यांत गुणसूत्रांच्या तेरा-तेराच जोड्या आहेत. जनुकेंहि दोघींत सुमारें चाळीस हजार. पण रेमोंडीचा जीनोम सुमारें ८८ कोटि अक्षरांचा, तर देशीचा सुमारें १७० कोटि अक्षरांचा! ही दुप्पट कशामुळें? जनुकांमुळें नव्हे, तर नकलनवीसांमुळें. आशिया-आफ्रिकेंतील कपाशीच्या कुळांत रेट्रोट्रान्सपोझॉनांच्या कांहीं जाती अतोनात वाढल्या, असें जोनाथन वेंडेल व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं दाखविलें.

पुढची हकीकत याहून नवलाची. दहा ते वीस लक्ष वर्षांपूर्वीं या दोन कुळांचा अमेरिका खंडांत संकर झाला आणि त्यांतून आजची अमेरिकन कपाशी निपजली. तिच्या पेशींत दोन्हीं घराण्यांचे जीनोम नांदतात. परकी म्हणविली जाणारी ही कपाशी अशा रीतीनें देशीची अर्धी सोयरीच ठरते.

या नकलांना पुष्कळ दिवस निरुपयोगी अडगळ म्हणत. त्यांतील बहुतेक मूक असतात हें खरें. वनस्पति त्यांना रासायनिक कुलुपें घालून ठेवते. एकादी नक्कल जनुकाच्या आंत शिरली तर तें बिघडतें. पण एकादी शेजारीं बसून त्यास नवें वळणहि देते. सिसिलीच्या लाल मोसंब्याचा गर थंडींत रक्तवर्ण होतो, तो अशाच एका शेजाऱ्यामुळें, हें २०१२ सालीं सिद्ध झालें. उत्क्रांतीला लागणारा कच्चा माल हा असा सांचतो.

नागपुरांत १९७६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत देशी कपाशीच्या वाणांचें बीज जतन केलें जातें. बीज कायमचें टिकत नाहीं; तें ठराविक काळानें पुनः पेरून ताजें करावें लागतें. जीनोमची अक्षरें कागदावर उतरवून घेतां येतात. परंतु लक्षावधि वर्षांच्या नकलांतून घडलेला वाण एकदां शेतांतून आणि कोठारांतून गेला, तर त्याची नक्कल करणारा नकलनवीस कोठेंहि मिळणार नाहीं.