रिंगणात उतरा

श्रोतेहो, जपानच्या उन्हाळी नाचांची छायाचित्रं तुम्ही पाहिलीच असतील. ती पाहून समाधान मानू नका, एवढंच आज मला सांगायचं आहे.

गिफू प्रांतातल्या डोंगरांत गुजो हाचिमान नावाचं छोटं गाव आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तीसेक रात्री नाच चालतो, आज या आळीत तर उद्या त्या देवळापाशी. मधल्या लाकडी मखरात गाणारे बसतात. सोबत बासरी, ढोल, शामिसेन असतात आणि भोवती माणसांचं रिंगण. पितरांच्या बोन सणात, म्हणजे 13 ते 16 ऑगस्टला, ते पहाटेपर्यंत फिरतं. आणि हे नीट ऐका, तो नाच बघायचा नसतो, नाचायचा असतो.

याला पंगतच समजा. दारात उभं राहून वासावर पोट भरत नाही. पंगतीत उशिरा आलेल्यालाही शेजारी सरकून जागा देतात, तशी इथे परक्यालाही देतात. कपडे कुठले, गाव कुठलं, कोणी विचारत नाही. वाढपी पुन्हा पुन्हा फिरावा तसे दहा नाचांतले तेच ते रात्रभर फिरून येतात. पहिल्या फेरीला चुकलात तर पुढच्या वाढीला जमेल. ‘हारुकोमा’ या नाचात घोड्याचा लगाम धरल्यासारखे हात करायचे, ते शेजाऱ्याकडे बघून येतात. पायातल्या खडावा रस्त्यावर वाजतात, तोही ताल गाण्यातच धरलेला असतो. शेवटी ताकभात यावा तसं ‘मात्सुसाका’ येतं. तेव्हा बाकीची वाद्यं थांबतात, फक्त लाकडी टिपऱ्यांचा ठोका.

2022 साली युनेस्कोने जपानच्या 41 नाचांना एकत्र मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत हाही आहे. पण बाबांनो, वारसा यादीने टिकत नाही! सगळेच मोबाइल उंचावून कडेला उभे राहिले, तर रिंगण कोण धरणार?

जुन्या एदो काळात गुजोच्या सरदारानेच सगळ्या थरांतल्या प्रजेला चार दिवस एकत्र नाचायला सांगितलं, असं तिथले लोक सांगतात. त्यावर बोलायचं होतं, पण वेळ संपल्याचा लाल दिवा समोर लागला. म्हणून पुन्हा तेच सांगतो. कधी तिकडे गेलात, तर कडेला उभे राहू नका. पाय चुकू द्या, पण रिंगणात उतरा.