चौघींचा प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, यंदा वर्धापनदिनाला तुमच्या प्रवासाची हकिकत सांगा. मी म्हटले, मला भाषण येत नाही. तर म्हणाल्या, भाषण नकोच, हळदीकुंकवाला बसल्यावर सांगता तसे सांगा. म्हणून उभी राहिले आहे. माझ्याबरोबर आलेल्या तिघी समोरच बसल्या आहेत, तेव्हा नावे घेत नाही. एकीला आक्का म्हणते, एकीला माई आणि एकीला वहिनी. तुम्ही ओळखालच, पण मी सांगितले नाही एवढे म्हणायला मी मोकळी.

2024 सालच्या डिसेंबरात आम्ही चौघी मराठवाडा फिरून आलो. 17 मार्च 2023 पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून हा विचार आमच्या डोक्यात होता. ट्रंका, वळकट्या काही घ्यायचे नाही असे आधीच ठरले. मुलांनी टाकून दिलेली कॉलेजची दप्तरे धुऊन घेतली, त्यांत दोन लुगडी, एक चादर, तांब्या आणि दशम्यांचा डबा भरला आणि ती पाठीला लावली. नऊवारी नेसलेल्या आक्का पाठीला निळे दप्तर लावून पंढरपूरच्या गाडीत चढल्या तेव्हा कंडक्टरने विचारले, "आजी, कितवीत आहात?" आक्का म्हणाल्या, "नापास झालीया, पुन्हा पहिलीत घातलंय." सबंध गाडी हसली.

पैशाचे असे ठरले होते की, प्रत्येकीने अडीच हजार काढायचे, ते एका बटव्यात ठेवायचे आणि बटवा माझ्याकडे. हा आकडा आक्कांना झेपेल तो धरला होता, हे आम्हा तिघींना माहीत होते. दुसरी अट, वेगळे पैसे कुणी लपवून आणायचे नाहीत. आणि तिसरी, घरी फोन करून पैसे मागवायचे नाहीत. कारण निघताना आमच्या घरच्या पुरुषमंडळींनी, चार दिवसांत फोन येतो की नाही बघा, अशी थट्टा केली होती. ती थट्टा मला चांगलीच झोंबली होती.

पंढरपूर, तुळजापूर, मग अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचे वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, असे करत नांदेडला पोचलो. त्या सगळ्याचे वर्णन करत बसत नाही, तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आलेल्या आहात. नांदेडचे मात्र सांगते. गुरू गोविंदसिंगजींचे निर्वाण 1708 साली तेथे झाले. त्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. कुणीही यावे, पंगतीत बसावे, डाळरोटी खावी, पैसे नाहीत. दोन दिवस आम्ही तेथे जेवलो. तिसऱ्या पंगतीच्या वेळी आक्का उठून पोळ्या लाटायला बसल्या आणि आम्हालाही बसवले. फुकट जेवणे त्यांच्या अंगाला लागत नाही. नांदेडला आमचे पैसे वाचले, म्हणून बटवा सांभाळणारी मी जरा ऐटीत होते.

ती ऐट संभाजीनगरला उतरली. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपण इतकी वर्षे औरंगाबाद म्हणत आलो ते गाव. जालन्यावरून सोमवारी रात्री पोचलो, धर्मशाळेत खोली घेतली. मंगळवारी सकाळी वेरूळ बघायचे आणि रात्रीच्या गाडीने पुण्यावरून घरी यायचे, असा माझा बेत. सकाळी चहाच्या टपरीवर कळले की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. ही चौकशी घरून करायला हवी होती. बेत आखणारी मी, पैसे सांभाळणारी मी, आणि वार मीच बघितला नाही. एक मुक्काम वाढला, म्हणजे खोलीचे भाडे वाढले आणि दोन वेळचे जेवण वाढले.

त्या मंगळवारी गावातच पायी फिरलो. हे गाव मलिक अंबरने 1610 साली खडकी या नावाने वसवले. त्याने 1612 साली बांधलेला भडकल दरवाजा रस्त्यातच आहे, बघायला पैसे पडत नाहीत. बीबीका मकबरा बाहेरून बघितला. पाणचक्कीला मात्र आक्का अडून बसल्या. पाण्यावर जाते फिरते ते बघायचेच, म्हणाल्या. तिकीट थोडे होते, काढले. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणले आहे, ते भिंतीवरून पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. पूर्वी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी तेथे दळण होत असे. आम्ही पाणी बघत होतो. आक्का जात्याची पाळ बघत होत्या.

बुधवारी सकाळी खोली सोडली, दप्तरे पाठीला लावली आणि वेरूळची एस. टी. धरली. ही वाट दौलताबादच्या किल्ल्याजवळून जाते. किल्ला आणि चाँदमिनार खिडकीतून बघून घेतला. महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी तेथे आणली आणि पुढे परत नेली. माई म्हणाल्या, "त्यानंसुद्धा वार बघितला नसेल." टोमणा मला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वेरूळला आधी घृष्णेश्वराचे दर्शन घेतले. परळी, औंढा आणि घृष्णेश्वर, एका प्रवासात तीन ज्योतिर्लिंगे झाली. वेरूळ हे मूळ भोसल्यांचे गाव, मालोजीराजांचे. देवळाच्या पायरीवर बसून मी बटवा उघडला. घरापर्यंतच्या तिकिटांचे पैसे वेगळ्या पुरचुंडीत होते, त्यांना हात लावायचा नाही. संभाजीनगरला परतायचे तिकीट, रात्रीच्या दोन ताटांचे शंभर रुपये (दोन ताटे चौघींत) आणि स्टँडवरच्या चहाचे तीस रुपये बाजूला ठेवले. उरले एकशे तीस. लेण्यांचे तिकीट तेव्हा माणशी 40 रुपये होते. चौघींचे एकशे साठ.

मी मोठ्याने हिशेब केला. कुणी बोलले नाही. मग आक्का म्हणाल्या, "तुम्ही जावा. माझं गुडघं दुखत्यात. मी पिशव्या राखते."

मी म्हटले, "आक्का, तुम्ही खरंच..."

"अगं जा. दगड काय, जन्मभर बघितलाय."

आणि भगिनींनो, मी ते मान्य केले. वर मनात म्हटले, बरे झाले, प्रश्न सुटला. फाटकाबाहेर झाडाखाली आक्का चार दप्तरे घेऊन बसल्या, आम्ही तिघी आत गेलो.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, तेरापासून एकोणतीसपर्यंत आपल्या देवादिकांची, शेवटची पाच जैनांची. सोळावे ते कैलास. राष्ट्रकूटांचा राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. शाळेच्या पुस्तकात मी त्याचे चित्र बघितले होते आणि त्या चित्रावरून मला वाटे की हे बांधलेले देऊळ आहे. बांधलेले नाही. डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. आधी कळस, मग शिखर, मग मंडप आणि शेवटी पाया. मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. खाली देवळाच्या जोत्याला हत्ती आहेत, सगळे देऊळ पाठीवर घेतल्यासारखे. एका भिंतीवर महाभारत कोरले आहे, एकीवर रामायण. रावण खालून कैलास हलवतो आहे, पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे आणि शंकर नुसता पाय दाबून बसला आहे.

ते बघताना माई सहज म्हणाल्या, "आमच्याकडचा पाटा आक्कांच्या वडिलांनी केलेला. अजून तसाच आहे."

माझ्या छातीत धस्स झाले. आक्कांचे माहेर पाथरवटाचे, हे या सभेत कुणाला माहीत नाही? आपल्यापैकी कितीजणींच्या घरी त्यांच्या वडिलांच्या हातचा पाटा, नाही तर जाते असेल. प्रवासाचा बेत ठरत होता तेव्हा माईंनी चार गावे सांगितली, वहिनींनी तीन सांगितली, मी सहा सांगितली. आक्का एकच बोलल्या होत्या, "वेरूळ घ्या." तुळजापूर, पंढरपूर त्यांनी अनेकदा केलेले. त्या वेरूळसाठी आल्या होत्या, आणि त्यांना मी फाटकाबाहेर दप्तरे राखायला बसवून आले होते.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. बाजूला ठेवलेले चहाचे तीस रुपये. एकशे तीस आणि तीस, एकशे साठ. तिकिटाला पैसे कमी नव्हते, चहा सोडला असता तर पुरत होते. तो चहा आम्हा तिघींचा. आक्का चहा घेतच नाहीत.

माई आणि वहिनी जैन लेण्यांकडे निघाल्या होत्या. त्यांना पुढे जा म्हटले आणि मी एकटी बाहेर आले. खिडकीवर चाळीस रुपये दिले, तिकीट आक्कांपुढे धरले.

"हे कशाला? पैसं कुठनं आणलं?"

"चहाचे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटले आता बोलतील. काही बोलल्या नाहीत. तिकीट घेतले, पदर खोचला आणि निघाल्या. गुडघ्यांचे दुखणे कुठे गेले होते कोण जाणे, त्या फाटकातून भराभर आत गेल्या. मी त्यांच्या जागी झाडाखाली बसले. दोन तास बसले. माई आणि वहिनी परत आल्या, आम्ही उरलेल्या दशम्या काढल्या, त्यांच्या वाटणीच्या बाजूला ठेवल्या. आणखी बऱ्याच वेळाने आक्का आल्या. हाताला दगडाची धूळ लागली होती.

परतीच्या गाडीत त्या बोलायला लागल्या. एरवी आक्का फार बोलत नाहीत. म्हणाल्या, बाजूच्या कड्यावर टाकीचे घाव अजून जसेच्या तसे आहेत, ओळीने, वरून खाली. ते गुळगुळीत केलेले नाहीत, कारण तिथे देव नाही, ती नुसती काढून टाकायची बाजू. घावांच्या लांबीवरून कारागीर कुठे उभा होता ते कळते. वरून खाली का कोरले, तर बांबूची परांची बांधायला नको. डोंगरावरच उभे राहायचे आणि डोंगरासकट खाली यायचे. आणि हा काळा दगड, यावर टाकी दिवसभर चालवली की संध्याकाळी बोथट. "म्हंजे तिथं लोहाराची भट्टी असणारच," त्या म्हणाल्या. "टाक्यांना धार लावणारं माणूस कितीतरी लागलं असंल. त्यांचं नाव कोण घेत न्हाई." पाटा करताना वडिलांचा हात चुकला तर तो दगड बाजूला टाकून दुसरा घेत. येथे खांब चुकला तर दुसरा कुठून आणणार? एका लेण्यात काम अर्धवट सोडलेले त्यांना दिसले. तेथे त्या बराच वेळ थांबल्या होत्या. दगडाला हात लावून बघितला, म्हणाल्या.

यातले मी काहीच बघितले नव्हते. त्यांच्या आधी मी तासभर त्याच कड्याखाली उभी होते. हत्ती मोजले, रावण बघितला, पण कड्यावरचे घाव काही मला दिसले नाहीत.

रात्री स्टँडवर दोन ताटे चौघींत वाटून खाल्ली आणि चहा न घेता पुण्याच्या गाडीत बसलो. घरी आल्यावर मी हिशेबाची वही मंडळींपुढे ठेवली. जमा दहा हजार, खर्च दहा हजार. फोन एकही केला नाही, हे त्यांनी कबूल केले.

आता अजिंठा राहिला आहे. येत्या दिवाळीनंतर जायचा विचार आहे, सोमवार सोडून. बटवा या वेळी वहिनींकडे राहील. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. आपल्या मुलांची जुनी दप्तरे मात्र टाकू नयेत.