पोट साफ होत नाही, कारण...
(महिला आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



पाळीबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल आपण शिबिरांतून बोलू लागलो. पण शौचाला होत नाही, हे सांगायला अजून लाज वाटते. मग गुपचूप रात्री चूर्ण घ्यायचं. वस्तीत काम करताना वर्षानुवर्षं रोज चूर्ण घेणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रोज झालंच पाहिजे असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही स्वाभाविक असू शकतं. खडा होतो, फार कुंथावं लागतं, तेव्हा त्याला बद्धकोष्ठ म्हणायचं.

औषध लागलंच तर इसबगोलपासून सुरुवात करावी. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावं, वर आणखी पाणी प्यावं. पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. चूर्णाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढकलते, रात्री घेतली की सकाळी जुलाब होतो. थोडे दिवस ठीक. डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून जास्त नको. सतत जुलाब होत राहिले तर अंगातलं पाणी आणि क्षार जातात, थकवा येतो. वजन उतरवण्यासाठी तर जुलाब मुळीच घेऊ नये.

गरोदरपणी एरंडेल घेऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात. रक्तवाढीच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. नर्सताईंना सांगा, त्यावर उपाय आहे. पोटात जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, ताप आहे, तर जुलाबाचं औषध अजिबात नको, दवाखाना गाठा. शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल, तरीही तपासून घ्या.

पण चूर्ण का लागतं, हेही विचारू या. घरकामगार मैत्रीण दिवसभर चार घरी राबते, आणि त्यांतल्या कित्येक घरी तिला संडास वापरू देत नाहीत. बाजारात भाजी विकणारी पाणीच पीत नाही, कारण जायचं कुठे? वस्तीतल्या संडासाला दार नाही, दिवा नाही. आलेली भावना रोज दाबली की कोठा जड होतोच. पालेभाजी खा, पाणी प्या, हा सल्ला खरा आहे; पण प्यायलेल्या पाण्याला जागा लागते.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न महापालिकेपुढे मांडला. आपणही आपल्या गटात दोन कामं करू या. कोण कोणतं चूर्ण किती दिवस घेते, हे मोकळेपणाने बोलू या. आणि वस्तीतले, बाजारातले चालू-बंद संडास मोजून ती यादी वॉर्ड ऑफिसात नेऊ या.