दबाव कुणाचा, कायदा कुणाचा?

(घोटावडे येथील बैठकीत केलेलं भाषण)



आम्ही बारावीला राज्यशास्त्रात एक शब्द शिकलो, ‘दबावगट’. स्वतः निवडणूक न लढवता सरकारकडून आपलं काम करून घेणारा गट म्हणजे दबावगट. आपल्या जमिनीचं काय व्हायचं ते नुसतं मतपेटीत ठरत नाही, म्हणून आज हे बोलायचं.

अमेरिकेत हा उघड धंदा हाय. औषध कंपन्या, बंदुकवाले, मोठे शेतकरी, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या संघटना आहेत. त्या पगारी माणसं ठेवतात. ती माणसं खासदारांना गाठतात, कायद्यात काय लिहायचं ते सुचवतात. तिथं १९९५ च्या कायद्यानं अशा माणसाला नाव नोंदवावं लागतं, पैसा किती लागला ते सांगावं लागतं. पैशाचा जोर त्यानं मोडत नाही, पण कोण कुणासाठी बोलतो ते लोकांना कळतं. आपल्या देशात असा कायदाच नाही. कंपनीचा माणूस मंत्रालयात कुणाला भेटला, गावाला पत्ता लागत नाही.

लांब कशाला, आपला मुळशी तालुकाच बघा. टाटांच्या कंपनीला मुंबईसाठी वीज करायची होती, त्याला धरण पाहिजे होतं. जमीन घ्यायला इंग्रज सरकारचा १८९४ चा कायदा तयारच होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातल्या लोकांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढं होते. बाया-माणसं तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालं, गावं बुडाली. कंपनी आणि सरकार एका बाजूला होते. आपल्या बाजूला मात्र फूट पडली. कसणारी कुळं म्हणत होती, जमीन सोडायची नाही. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, आणि ते मोबदल्यावर राजी झाले. कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं, त्याला कोण विचारतो?

आता दुसरी गोष्ट. मे २००२ मध्ये केंद्राच्या वनखात्यानं अतिक्रमणं काढायचं पत्र काढलं. देशभरातल्या आदिवासी संघटना एक झाल्या. मोर्चे निघाले, दिल्लीत धरणं झालं, खासदारांना निवेदनं गेली. वाघ वाचवणारे काही गट आणि वनखातं उलट बाजूनं जोर लावत होते. २००५ च्या मसुद्यात मुदत होती २५ ऑक्टोबर १९८० आणि जमीन अडीच हेक्टरपर्यंत. डिसेंबर २००६ ला कायदा झाला तेव्हा मुदत १३ डिसेंबर २००५ आणि जमीन चार हेक्टरपर्यंत झाली. हा आपला दबाव. पण संसदेच्या समितीनं शेवटचा निर्णय ग्रामसभेला द्या म्हटलं होतं, तो गेला प्रांताच्या आणि जिल्ह्याच्या समितीकडं. हा त्यांचा दबाव. कायद्याच्या एकेका ओळीत कुणी किती ओढलं ते दिसतं.

आपल्याकडं पैसा नाही, पगारी माणूस नाही. आपल्याकडं ग्रामसभा हाय, आणि तिचा ठराव कागदावर असला तरच साहेब बघतो. म्हणून तीन कामं करू. एक, वनहक्क समितीत बाया बसल्या पाहिजेत आणि बोलल्या पाहिजेत. दोन, म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. कायद्यात तो पुरावा धरतात, आणि माणूस गेला की पुरावा गेला. तीन, अर्ज दिला की पोच घ्यायची, सही-शिक्क्याची. पोच नाही तर ऑफिसातून उठायचं नाही.

आणि कुणी एकट्याला बोलावून मोबदल्याची भाषा केली, तर उत्तर एकच द्या : ग्रामसभेत या, सगळ्यांसमोर बोला.

जिंदाबाद!