क्रियापदाचा सोबती

दौंड हें जंक्शनचें गांव. १८७८ सालीं मनमाडकडील लोहमार्ग येथें पुणें-सोलापूर मार्गास येऊन मिळाला. सांधा फिरला कीं तीच गाडी सोलापूरऐवजीं मनमाडकडे जाते. इंग्रजी क्रियापदापुढेंही असाच एक सांधा असतो. 'लुक अॅट' म्हणजे पाहणें, 'लुक फॉर' म्हणजे शोधणें आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणें. क्रियापद एकच, मागून येणारें चिमुकलें अव्यय अर्थाची दिशा ठरवितें.

येथें मराठी विद्यार्थी अडखळतो, तो बुद्धिमांद्यामुळें नव्हे. त्याची चूक बहुधा मराठीच्या नियमास धरूनच असते. मराठींत लग्न कोणाशीं तरी होतें, म्हणून तो 'मॅरी'पुढें 'विथ' लिहितो. चर्चा एखाद्या गोष्टीविषयीं होते, म्हणून 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडतो. इंग्रजींत या दोन्ही ठिकाणीं कांहींच नको. उलट, मराठींत गाणें नुसतें ऐकलें जातें. त्यामुळें 'लिसन'नंतरचा आवश्यक 'टू' गळतो. गाडीची वाट पाहणाऱ्यास षष्ठीवरून 'वेट'पुढील 'फॉर' सुचावा तरी कसा? 'रीच' आणि 'अराइव्ह' या दोहोंचा अर्थ पोहोंचणें. पण पहिल्यास अव्यय नको, दुसऱ्यास स्थानकापूर्वीं 'अॅट' व शहरापूर्वीं 'इन' हवें.

ही केवळ परीक्षेंतील गुणांची बाब नाहीं. खेड्यांतील मुलाचा नोकरीचा अर्ज अनोळखी अधिकाऱ्यापुढें जातो, तेव्हां त्याच्या वतीनें बोलणारें दुसरें कोणी नसतें. 'अप्लाय' अधिकाऱ्याकडे करावयाचें तर 'टू', जागेसाठीं करावयाचें तर 'फॉर'. माणसाशीं सहमत होतांना 'एग्री विथ', त्याची सूचना स्वीकारतांना 'एग्री टू'. एवढ्याशा शब्दापायीं गुणी मुलाचा अर्ज उपहासास पात्र होऊं नये.

यावर उपाय कोणता? अव्ययांच्या याद्या घोकून हें साधत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना वाक्यावाक्यानें इंग्रजी शिकविलें. तोच मार्ग येथें हितकर. वहीच्या डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्यावर इंग्रजी. क्रियापद त्याच्या सोबत्यासह लिहावें व मोठ्यानें वाचावें. आठवड्यास पांच क्रियापदें पुरेत. आणि मूल चुकलें, तर शिक्षकांनीं हंसूं नये. कोणता मराठी प्रत्यय मनांत होता, तें विचारावें. चुकीचें कारण मुलास स्वतः सांगतां आलें, कीं ती चूक पुन्हां होण्याचा संभव फार थोडा उरतो.